धंद्याचा इरादा: अभियांत्रिकीच्या वर्गातल्या मुली, मुलगे आणि मोजमापाचा पेच

१९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सूचनाफलकावर टाटांच्या टेल्को या पुण्याच्या कंपनीची जाहिरात लागली होती. कंपनीला हुशार तरुण अभियंते हवे होते, मात्र स्त्रियांनी अर्ज करू नये, असं खाली स्पष्ट लिहिलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीने सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि पुढे त्या टेल्कोत रुजूही झाल्या. ही गोष्ट महाराष्ट्रात अनेकांना पाठ आहे. तिचा दुसरा अंक १९८१चा. पुण्यातच इन्फोसिस उभी राहिली तेव्हा दहा हजार रुपये आले ते याच अभियंता बाईंच्या, म्हणजे आता सुधा मूर्तींच्या, साठवणीतून. संस्थापक मात्र सात आणि सातही पुरुष. एका घरातला एकच माणूस कंपनीत, असं त्यांचे पती आणि संस्थापकांपैकी एक असलेल्या नारायण मूर्तींनी ठरवलं होतं. आपली ती भूमिका चुकीची होती, असं अलीकडे एका मुलाखतीत त्यांनीच बोलून दाखवलं.

आता कल्पना करा, १९८१ साली कुणी सुधाबाईंच्या हातात एक छापील प्रश्नावली दिली असती: ‘स्वतःचा उद्योग काढण्याचा तुमचा इरादा किती पक्का आहे? एक ते सात गुण द्या.’ त्यांनी कोणताही आकडा लिहिला असता, तरी त्यातून नेमकं काय कळलं असतं? त्यांची इच्छा, की घरात आधीच ठरलेली कामाची वाटणी?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये उद्योजक होण्याचा इरादा मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त असतो का, आणि असलाच तर का, या विषयावर जगभर ढिगाने शोधनिबंध निघाले आहेत. त्यात भारतही मागे नाही. व्यवस्थापनाच्या पीएचडीसाठी हा हुकमी विषय झाला आहे. या साऱ्या खटाटोपातून हाती काय लागलं आणि काय निसटलं, याचा हा आढावा.

बीज काकीनाड्यात

या प्रश्नाचं एक मूळ भारतातच सापडतं. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६१ मध्ये मांडलं की, समाजाच्या आर्थिक भरभराटीमागे काहीतरी करून दाखवण्याची आस असते. ही आस शिकवून वाढवता येते का, हे पाहण्यासाठी त्यांनी १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापारी-उद्योजकांना प्रशिक्षण दिलं. उद्योजक घडवता येतो, हा विश्वास भारतात रुजला तो या प्रयोगामुळे. त्यातूनच पुढे गुजरातेतले प्रशिक्षणवर्ग, १९८३ मध्ये अहमदाबादची भारतीय उद्योजकता विकास संस्था आणि १९८८ मध्ये आपल्याकडचं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र अशी साखळी तयार झाली.

मॅक्लेलंड यांचा भर स्वभावावर होता. ऐंशीच्या दशकात रोख बदलला. स्वभाव पाहून कोण उद्योग काढेल हे नीट सांगता येत नाही, त्यापेक्षा माणसाच्या मनात काय आहे ते विचारावं, असं अभ्यासकांना वाटू लागलं. १९८२ मध्ये अल्बर्ट शॅपेरो आणि लिसा सोकोल यांनी म्हटलं की, उद्योग सुरू होण्यासाठी तो करावासा वाटला पाहिजे आणि जमेल असंही वाटलं पाहिजे. १९८८ मध्ये बार्बरा बर्ड यांनी ‘इरादा’ ही संकल्पना अभ्यासाच्या मध्यभागी आणली. १९९१ मध्ये सामाजिक मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी नियोजित वर्तनाचा सिद्धान्त विस्ताराने मांडला, आणि आज या क्षेत्रातले बहुतेक अभ्यास त्याच पायावर उभे आहेत. आयझेन यांच्या मते इरादा तीन गोष्टींवर ठरतो: ते काम मला आवडतं का, माझ्या माणसांना ते पटेल का, आणि ते माझ्या हातात आहे का.

मग अभियांत्रिकीचेच विद्यार्थी का? तंत्रज्ञानावर आधारलेले उद्योग त्यांच्याकडून येतील, ही सर्वच सरकारांची अपेक्षा होती. २००३ मध्ये ल्यूथ्ये आणि फ्रांके या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या पाचशेहून अधिक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. जोखीम घेण्याच्या वृत्तीचा परिणाम इराद्यावर होतोच, पण आजूबाजूच्या अडथळ्यांचा आणि पाठबळाचाही थेट होतो, असं त्यांना आढळलं. त्यानंतर अशा पाहण्यांचा पाऊस पडला.

सात गुणांची पट्टी

हे मोजमाप प्रत्यक्षात कसं होतं, ते जरा जवळून पाहू. बहुतेक अभ्यासांत २००९ मध्ये लिन्यान आणि चेन यांनी स्पेन आणि तैवानच्या विद्यार्थ्यांवर पारखून घेतलेली प्रश्नावली किंवा तिचं एखादं भावंड वापरलं जातं. हल्ली ती गूगल फॉर्मच्या रूपात वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते. तोवर सातवं सत्र सुरू झालेलं असतं, प्लेसमेंटचे दिवस असतात आणि निम्मा वर्ग अॅप्टिट्यूड टेस्टच्या तयारीत असतो. समोर विधान येतं. त्याचा आशय असा, की उद्योजक होण्यासाठी वाट्टेल ते करायची माझी तयारी आहे. मुळीच सहमत नसाल तर एक, पूर्ण सहमत असाल तर सात.

मेख त्या ‘वाट्टेल ते’मध्ये आहे. एकाच्या डोळ्यांसमोर हातची ऑफर सोडून वर्षभर मित्रांसोबत एका खोलीत कोडिंग करणं येईल. दुसरीच्या डोळ्यांसमोर आधी घरच्यांची समजूत काढणं, मग गावाबाहेर एकटीने राहण्याची परवानगी, मग ‘स्थळं बघायला सुरुवात करायची ना?’ या प्रश्नाला तोंड देणं येईल. दोघांनीही पाच गुण दिले, तर त्या दोन पाचांचं वजन एकच धरायचं का?

दुसरी अडचण शब्दांची. भारतात ही प्रश्नावली बहुधा इंग्रजीतच असते. ‘आंत्रप्रेन्युअर’ म्हटलं की डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं, ते ‘धंदा’ म्हटल्यावर राहत नाही. वडिलांच्या वर्कशॉपची जीएसटीची कामं सांभाळणारी आणि गिऱ्हाइकांचे फोन घेणारी मुलगी आपल्याला धंद्याचा अनुभव आहे असं त्या फॉर्मवर लिहीलच, याची खात्री नाही. कारण घरात त्याला ‘पप्पांना मदत’ म्हणतात.

फरक आहे, पण किती?

सुट्या अभ्यासांचे निष्कर्ष आपापसांत जुळत नाहीत, म्हणून अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षाला महत्त्व येतं. हाउस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तीस अभ्यासांतली पन्नास हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली. पुरुषांचा सरासरी इरादा जास्त निघाला खरा, पण फरक लहान होता. इराद्यामागच्या आवड, आप्तांचं मत आणि आवाक्यात असल्याची भावना या तिन्ही बाबतींतही तफावत थोडकीच होती. व्यवहारात याचा अर्थ असा, की एखाद्या वर्गातल्या दोन मुलींमध्ये जेवढं अंतर असतं, त्याच्यापुढे मुलगे आणि मुली यांच्या सरासरींमधलं अंतर किरकोळ ठरतं.

भारताचा समावेश असलेला एक अभ्यास बराच उद्धृत होतो. विशाल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अमेरिका, भारत आणि तुर्कस्तान इथल्या व्यवसायशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना विचारलं. उद्योजकाचं चित्र मुलग्यांनी आणि मुलींनी दोघांनीही मर्दानी रंगांत रंगवलं. इराद्यात मात्र मुलगा-मुलगी म्हणून फरक दिसला नाही. फरक पडला तो, ‘मर्दानी’ समजले जाणारे गुण स्वतःत आहेत असं ज्यांना वाटत होतं आणि ज्यांना तसं वाटत नव्हतं, त्यांच्यात.

भारतीय विद्यार्थ्यांच्या एकूण कलाबद्दल अलीकडे मोठी पाहणी झाली आहे. सेंट गॅलन विद्यापीठातून २००३ पासून चालणाऱ्या ‘गेस’ या जागतिक पाहणीचा भारतावरचा २०२३चा अहवाल मंडीच्या आयआयटीतून निघाला. पदवीनंतर लगेच स्वतःचा उद्योग काढू, असं म्हणणारे त्यात सुमारे १४ टक्के निघाले, तर पाच वर्षांनी काढू म्हणणारे सुमारे ३१ टक्के. ‘आधी नोकरी, मग बघू’ हे भारतीय घरांतलं वाक्य या दोन आकड्यांत बसलेलं आहे. इरादा हा आज आणि पाच वर्षांनंतर असा दोनदा विचारायचा प्रश्न आहे, हेही त्यातून दिसतं.

अभियांत्रिकीपुरतं बोलायचं तर तुलनेआड आणखी एक गोष्ट येते. देशात बीटेकच्या दहा विद्यार्थ्यांत मुली साधारण तीनच, आणि त्या सगळ्या शाखांत सारख्या विखुरलेल्या नसतात. कॉम्प्युटर, आयटी, ईएनटीसी इथे त्या भरपूर दिसतात. मेकॅनिकलच्या वर्गात अनेकदा एका बाकावर मावतील इतक्याच असतात. सॉफ्टवेअरचा उद्योग लॅपटॉपवर सुरू करता येतो, तर यंत्रभागांच्या उद्योगाला शेड, वीजजोडणी आणि कर्ज लागतं. महाविद्यालयाची सरसकट सरासरी काढली की शाखेचा परिणाम आणि लिंगाचा परिणाम यांची खिचडी होते. शाखा वेगळ्या करून तुलना करावी, तर मेकॅनिकलमधल्या मुलींची संख्या संख्याशास्त्राला पुरत नाही.

चार उत्तरं

जेवढा फरक दिसतो, तो कशामुळे? याची ढोबळमानाने चार उत्तरं दिली जातात.

पहिलं उत्तर आत्मविश्वासाचं. अल्बर्ट बंदुरा यांची ‘मला हे जमेल’ या भावनेविषयीची मांडणी १९७७ची. १९८१ मध्ये बेट्झ आणि हॅकेट यांनी ती स्त्रियांच्या करिअरला लावली. पुरुषांची म्हणून ओळखली जाणारी कामं आपल्याला जमणार नाहीत असं मुलींना वाटतं, आणि तिथेच त्यांचा रस्ता वळतो, असं त्यांचं म्हणणं. उद्योजकतेच्या अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांनी हाच धागा पकडला. पण इथेही एकवाक्यता नाही. झाओ, सायबर्ट आणि हिल्स यांच्या २००५च्या अभ्यासात एमबीएच्या मुलींचा आत्मविश्वास कमी नव्हता, तरीही त्यांचा इरादा मात्र कमी निघाला. म्हणजे ‘जमेल, पण करणार नाही’ अशी एक जागा उरते, आणि आत्मविश्वास तिचं स्पष्टीकरण देऊ शकत नाही.

दुसरं उत्तर साच्याचं. उद्योजक म्हणजे आक्रमक, धाडसी, एकांडा शिलेदार अशी प्रतिमा घट्ट झालेली असली, की तिच्यात स्वतःला न पाहणारे बाजूला होतात. त्यात मुली जास्त असतात, इतकंच. हा साचा सौम्य झाला, उद्योजकाचं वर्णन स्त्री-पुरुष दोघांना लागू पडेल अशा शब्दांत केलं, तर अंतर कमी होतं, असं याच दिशेचे प्रयोग दाखवतात. या मताची मंडळी मुलींपेक्षा चित्रात बदल करायला सांगतात.

तिसरं उत्तर परिस्थितीचं. ते म्हणतं, मुलींचं उत्तर म्हणजे न्यूनगंड नव्हे, तो रोखठोक हिशेब असतो. या बाजूला आकडे भक्कम आहेत. २०१९च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार घरच्या बिनपगारी कामात स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. हा आकडा ते काम करणाऱ्यांपुरता आहे. विद्यार्थिनी अजून त्या पाच तासांत शिरलेली नसते, पण ते तिने घरात पाहिलेले असतात. तारणाचंही तसंच. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, केंद्राची २००५ मध्ये आली. तरीही भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करणं ही आजही अनेक घरांत चांगल्या बहिणीची खूण मानली जाते. ज्या सातबाऱ्यावर नाव नाही, तो बँकेत तारण ठेवता येत नाही.

गुंतवणूकदारांच्या दारातही हिशेब वेगळा होतो. ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एकच सादरीकरण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ऐकवलं, तर पुरुषी आवाजाला पसंती जास्त मिळाली. डाना कान्झे आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका नामांकित स्टार्टअप स्पर्धेतले प्रश्न तपासले. पुरुषांना विचारलेले दोन तृतीयांश प्रश्न ‘किती वाढाल?’ या अंगाचे होते, तर बायकांना विचारलेले दोन तृतीयांश ‘बुडणार नाही ना?’ या अंगाचे. निधीही त्याच धर्तीवर कमी-जास्त झाला.

चौथं उत्तर प्रश्नालाच प्रश्न विचारतं. स्वीडनच्या हेलेने आल यांनी २००६ मध्ये स्त्री-उद्योजकांवरचे एक्क्याऐंशी शोधनिबंध तपासून दाखवलं, की बहुतेकांनी पुरुषाला मापदंड धरलं आणि स्त्रीत काय कमी आहे याचा शोध घेतला. फरक सापडला नाही, तर तो निकाल म्हणून मांडण्याऐवजी त्याला पळवाटा शोधल्या गेल्या. त्यांचा सल्ला असा, की व्यक्तीच्या मनाऐवजी कायदे, कुटुंबव्यवस्था, पाळणाघरं आणि बाजार यांच्याकडे पाहावं. टीकाकार विचारतात, मोजमाप अपुरं म्हणून मोजणंच सोडलं, तर धोरणाची आखणी कशाच्या आधारावर करायची?

ही चार उत्तरं एकमेकांना खोडून काढतातच असं नाही. मायेस आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या अभ्यासात फरक आवड आणि आवाका या दोन वाटांनी आला, आप्तांच्या मताच्या वाटेने आला नाही. शिवाय दोघांना उद्योगात आवडणाऱ्या गोष्टीही वेगळ्या निघाल्या. मुलग्यांना कर्तृत्व दाखवण्याची संधी जास्त खुणावत होती, मुलींना काम आणि घर यांचा मेळ. पण हा अभ्यास युरोपातला. ‘घरच्यांना काय वाटेल’ याचं वजन भारतातही इतकंच हलकं असेल, असं त्यावरून म्हणता येणार नाही.

अभ्यासक्रमाने काय होतं?

सरकारांना आणि महाविद्यालयांना सर्वांत जास्त रस या प्रश्नात आहे. सूतारिस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लंडन आणि ग्रनोबलच्या विज्ञान-अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. उद्योजकतेच्या अभ्यासक्रमाने इरादा वाढला, पण त्याचं श्रेय माहितीला नव्हतं, सोयी-साधनांनाही नव्हतं. मुख्य वाटा होता तो कुणाचं तरी बोलणं ऐकून, कुणाचं तरी काम पाहून मनात पडलेल्या ठिणगीचा. २०१० मध्ये ऑस्टरबेक आणि सहकाऱ्यांनी हॉलंडमधल्या विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या कंपन्यांचा कार्यक्रम तपासला, तर तिथे इरादा चक्क उतरला. हे अपयश की शहाणपण? त्याच वर्षी म्युनिकच्या फॉन ग्रेवेनिट्झ आणि सहकाऱ्यांनी वेगळा अर्थ लावला. आपण या कामाला योग्य आहोत की नाही, हे विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातून कळतं. काहींचा इरादा त्यामुळे मावळला, तर तोही शिकण्याचाच भाग.

मुलींवर परिणाम जास्त होतो की कमी, यावर निष्कर्ष सरळ परस्परविरोधी आहेत. विल्सन, किकुल आणि मार्लिनो यांच्या २००७च्या अभ्यासात उद्योजकतेच्या शिक्षणाने एमबीएच्या मुलींचा आत्मविश्वास मुलांपेक्षा जास्त उंचावलेला दिसला. मध्य युरोपातल्या चार देशांच्या २०१९च्या अभ्यासाचाही कौल तसाच. याउलट शिन्नार आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एकाच वर्गाला अभ्यासक्रमाआधी आणि नंतर विचारलं, तर ठळक वाढ फक्त मुलांमध्ये झाली.

पाहण्यासारखं उदाहरण समोर असलं की फरक पडतो, याबाबत मात्र बरीच सहमती आहे. डेन्मार्कच्या नोंदींवरून रोचा आणि व्हान प्राग यांनी २०२० मध्ये दाखवलं, की स्त्री-संस्थापकाच्या हाताखाली काम केलेल्या स्त्रियांनी पुढे स्वतः उद्योग काढण्याची शक्यता वाढते. म्हणजे व्याख्यानाला येणारी पाहुणी पुरत नाही. रोज दिसणारी बॉस लागते.

महाराष्ट्राच्या वर्गात

महाराष्ट्रात अभियंता-उद्योजकाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर नोकरी सोडून बेळगावात सायकलींच्या दुकानाकडे वळले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आणि त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये एमआयटीतून अभियंता होऊन आले. स्त्रियांची वाट वेगळी होती. लीला पूनावाला १९६७ मध्ये पुण्याच्या सीओईपीतून मेकॅनिकलच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या, शिकाऊ म्हणून लागल्या आणि आल्फा लावल इंडियाच्या सर्वोच्च पदापर्यंत गेल्या. कर्तबगारी तितकीच, पण वाट नोकरीची. पुढच्या पिढीच्या मुलींना घरात दाखवला जाणारा आदर्शही बहुतांशी नोकरीतल्या उंचीचाच राहिला.

वर्गाची दारं तेवढ्यात बरीच उघडली. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केलं. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. आयआयटींमध्ये २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा आल्या. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र प्रवर्गांतील मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क राज्याने पूर्ण माफ केलं.

वर्गाबाहेरचं जग याच वेगाने बदललं का, हे मोजणारे अभ्यास थोडे आहेत. महाविद्यालयात उद्योजकतेची संस्कृती तासाला शिकवली जात नाही. ती तास संपल्यावर घडते: ई-सेलच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या उद्योजकता कक्षाच्या, बैठकीत, रात्री उशिरापर्यंत चाललेल्या हॅकेथॉनमध्ये, कॅन्टीनच्या कट्ट्यावर. अनेक ठिकाणी मुलींच्या वसतिगृहाचं फाटक मुलांच्या आधी बंद होतं. २०१५ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ‘पिंजरा तोड’ मोहिमेने हा विषय देशभर चर्चेत आणला. कोणत्या अडथळ्याने इरादा कमी होतो, हे विचारणाऱ्या प्रश्नावल्यांत भांडवल असतं, अनुभव असतो, जोखमीची भीती असते. फाटक बंद होण्याची वेळ सहसा नसते.

योजनांची कमतरता मात्र नाही. मुंबई आयआयटीतलं ‘साइन’ हे उबवणी केंद्र २००४ पासून आहे. स्टार्टअप इंडिया जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठीचं राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण २०१९ मध्ये आलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत एक ते पंचवीस लाखांपर्यंतचं साहाय्य जाहीर केलं. त्या योजनेतही एक अट बोलकी आहे: उलाढाल वर्षाला किमान दहा लाखांची हवी. म्हणजे मदत मिळते ती सुरू झालेल्या उद्योगाला. वर्गातल्या इराद्यापासून पहिल्या दहा लाखांपर्यंतचं अंतर जिचं तिने कापायचं आहे.

पदवीनंतरची वर्षं

इरादा आणि कृती यांचं नातं किती घट्ट? काउटोनेन, व्हान गेल्डरेन आणि फिंक यांनी २०१५ मध्ये ऑस्ट्रिया आणि फिनलंडच्या प्रौढांना आधी इरादा विचारला आणि वर्षभराने प्रत्यक्षात काय केलं ते पाहिलं. कृतीतल्या फरकांपैकी सुमारे ३१ टक्के फरकाचा उलगडा झाला. सामाजिक शास्त्रांत हा आकडा चांगला मानतात, तरीही दोन तृतीयांशांहून जास्त भाग इराद्यापलीकडचाच राहतो. त्यात बायका आणि पुरुष यांच्या वाटा कुठे फुटतात, याची उत्तरं तुटपुंजी आहेत.

भारतातली काही परिचित नावं पाहिली तर वेळेचा मुद्दा ठळक होतो. उपासना टाकू अभियांत्रिकीनंतर अमेरिकेत शिकल्या, तिथे नोकरी केली आणि परतल्यावर २००९ मध्ये मोबिक्विकच्या सहसंस्थापक झाल्या. गीता मंजुनाथ यांनी संशोधन-नोकरीत दीर्घ काळ काढल्यावर २०१६ मध्ये स्तनकर्करोगाच्या तपासणीसाठी निरामय उभारली. मुंबई आयआयटीच्या सुहानी मोहन बँकेतल्या नोकरीनंतर सॅनिटरी पॅडच्या यंत्रांकडे वळल्या. मद्रास आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या विनिता सिंह यांचा शुगर हा उद्योग प्रसाधनांचा आहे. शेवटच्या वर्षातल्या फॉर्मवर यांपैकी कुणी काय लिहिलं असतं, यावरून पुढचं काही ओळखता आलं असतं का, हे सांगणं कठीण. पुरुषांचंही वेगळं नाही. अमेरिकेतल्या सर्वाधिक वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं आहे. मात्र बाईसाठी बाविशी ते पस्तिशी या वर्षांतच लग्न, गाव बदलणं आणि मूल हे सगळं येतं. त्या काळात इराद्याचं काय होतं, हे वर्गात बसून कळण्यासारखं नाही.

न सुटलेलं

अनुत्तरित प्रश्न चार. एक, बहुतेक अभ्यास एकदाच विचारून थांबतात. त्याच विद्यार्थ्यांचा दहा वर्षं माग काढणारे भारतीय अभ्यास दुर्मिळ आहेत. दोन, ‘मुली’ हा एक गट नाही. व्यापारी घरातली, शेतकरी घरातली आणि पहिल्यांदाच महाविद्यालय पाहणाऱ्या घरातली मुलगी यांच्यातलं जात आणि वर्गाचं अंतर सरासरीत पुसलं जातं. तीन, फक्त मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ई-सेलची अध्यक्ष मुलगीच असते आणि वेल्डिंगही मुलीच करतात. तिथला इरादा मिश्र महाविद्यालयांतल्या मुलींपेक्षा वेगळा असतो का, याची तुलना साच्याच्या मांडणीची चांगली कसोटी ठरू शकेल. चार, स्त्री-उद्योग म्हणजे काय, याच्या व्याख्याच वेगवेगळ्या. ऑक्टोबर २०२४ अखेर मान्यताप्राप्त १,५२,१३९ स्टार्टअपपैकी ७३,१५१ मध्ये किमान एक महिला संचालक होती, म्हणजे जवळपास निम्म्यांत. सहाव्या आर्थिक गणनेत मात्र स्त्रियांच्या मालकीचे उद्योग होते १३.७६ टक्के. संचालक आणि मालक हे शब्द एक नाहीत, आणि नाव कागदावर असणं म्हणजे निर्णय हातात असणंही नव्हे.

यातल्या काही उत्तरांचा कच्चा माल महाविद्यालयांच्या कपाटांत आहे. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची (एनबीए) मान्यता घेताना प्रत्येक अभियांत्रिकी विभागाला एक तक्ता भरावा लागतो. शेवटच्या वर्षातल्या किती जणांना नोकरी लागली, किती उच्च शिक्षणाला गेले आणि किती जण अभियांत्रिकी-तंत्रज्ञानातले उद्योजक झाले. नोकरी म्हणजे एक्स, शिक्षण म्हणजे वाय, उद्योजक म्हणजे झेड. तिघांची बेरीज करून एकूण विद्यार्थ्यांनी भागलं की निर्देशांक तयार. झेडच्या रकान्यात मुलगे किती आणि मुली किती, हे हा तक्ता विचारत नाही. पाच वर्षांनी पुन्हा तो भरला जात नाही. आणि प्रसाधनांची कंपनी काढलेल्या विद्युत अभियंत्या बाईंना कोणत्या रकान्यात बसवायचं, हे विभागातल्या ज्या प्राध्यापकाकडे तक्ता भरण्याचं काम असेल, त्याचं त्याने ठरवायचं आहे.